लंकाबाईच्या तोंडची म्हण

"लंकाबाई, मागच्या वेळी तुम्हीच निकाल दिला होता. आता तुम्हीच सांगा, ठेवू का याला कामावर?" सोमनाथशेठनी विचारलं, तसे लासलगावच्या त्या खळ्यावर कांदे निवडणारे सगळे हात थांबले.

समोर जीवन उभा होता. धुतलेला शर्ट, खाली मान. लंकाबाईच्या शेजारी बसून कांदे निवडणाऱ्या पुतळाबाईचा हा मुलगा. पूर्वी इथेच गोण्या भरायचा, आणि प्यायचाही. मागच्या वर्षी शेठ त्याला आणखी एकदा ठेवून घेणार होते, पण लंकाबाईच्या जिभेला हाड कुठलं! "कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच," ती बोलून गेली. सगळं खळं हसलं, शेठही हसले, आणि जीवनचं काम गेलं. गावात पोरं त्याला 'कारलं' म्हणून हाका मारू लागली. पुतळाबाईने त्या दिवसापासून लंकाबाईशी बोलणं टाकलं. रोज मांडीला मांडी लावून बसायच्या, पण शब्द नाही.

म्हण फेकली की माणूस निकालात, ही लंकाबाईची जन्माची सवय. पण व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला जीवन दारूच्या दुकानावरून मान न वळवता घरी जाताना ती रोज पाहत होती. आज त्याच्यासाठी चांगलं बोलायचं होतं. तिने आपलं म्हणींचं गाठोडं उपसलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. मेल्या जुन्या माणसांनी सुधारलेल्यासाठी एकसुद्धा म्हण करून ठेवू नये! तिला त्यांचा रागच आला.

"बोला की," शेठ हसून म्हणाले. बायकाही ओठांत हसू धरून वाट पाहत होत्या.

"त्यानं सोडली हाय," लंकाबाई म्हणाली. "मी रोज बघते ना. घ्या त्याला."

"आणि परत पिऊन आला तर?"

"तर मलाबी काढा. माझ्याच तोंडानं गेलता तो."

आता कुणी हसलं नाही. शेठनी जीवनला गोण्यांकडे जायची खूण केली.

लंकाबाई पुन्हा निवडायला लागली. पण लक्ष कांद्यांत नव्हतं, सडके कांदे चांगल्यांत पडत होते. पुतळाबाई ते मुकाट्याने उचलून बाजूला टाकत राहिली. मग वर न बघताच म्हणाली, "म्हण सुचली नाय व्हय गं?"

"नाय सुचली."

"बरं झालं."