रुग्ण बसण्याची जागा

टेलरबाईंना ऊन सोसत नाही, हे एव्हाना सगळ्या गल्लीला तोंडपाठ झालं होतं. चाळीस वर्षं मशीनवर मान मोडून लोकांचे कपडे शिवले आणि आता कुठे निवांत बसायची वेळ आली, तर हे दुखणं मागे लागलं. पाच मिनिटं ऊन लागलं की गालांवर लाल चट्टे, मग ताप, आणि दुसऱ्या दिवशी बोटं अशी आखडायची की कपसुद्धा धरवायचा नाही. काचेआड बसलात म्हणजे सुटलात असं समजू नका, काचेतूनही किरण येतात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. झालं. बस बंद, पायी फिरणं बंद, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तेही दिवे लागल्यावर.

आणि तिकडे चार तासांच्या रस्त्यावर ताई अंथरुणाला खिळून होती.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा टेलरबाई सहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वेण्या घालण्यापासून सुईत दोरा ओवायला शिकवण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. चौदा महिन्यांपूर्वी ती पडली, ती उठलीच नाही. दर महिन्याला आवाज आणखी खोल जात होता. टेलरबाई रोज संध्याकाळी फोन करायच्या आणि ताई रोज एकच विचारायची, कधी येतेस? आधी टेलरबाई "बघते गं" म्हणून वेळ मारून न्यायच्या. गेले दोन महिने मात्र उत्तर ठरलेलं होतं. गाडीच्या काचांना फिल्म लागली की निघालेच बघ.

ही फिल्मची टूम चिरंजीवांची. एकुलते एक चिरंजीव. आईच्या दुखण्याकडे वर्षभर ज्यानं ढुंकून पाहिलं नाही, तो गाडी घेतल्यावर एकाएकी मायाळू झाला. स्वतः आईला दवाखान्यात घेऊन गेला. दोन तास रांगेत बसला. आईला प्रवासात उन्हापासून संरक्षण हवं, गाडीच्या काचांना फिल्म हवी, असं डॉक्टरीणबाईंकडून शिक्क्यानिशी लिहून घेतलं. ते पत्र त्यानं प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवलं. समोरच्या घरातल्या बाईंना टेलरबाईंनी हे तीनदा सांगितलं, की दोन तास बसला हो माझ्यासाठी. हुरळून गेल्या बिचाऱ्या. का नाही जाणार? कुणी त्यांच्यासाठी दोन तास बसलंय, असं त्यांच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिघं फिल्मच्या दुकानात गेले. सूनबाई पुढे, टेलरबाई मागे मधोमध, डोक्याला रुमाल, हातात मोजे. उद्या रविवार. काचा आज होतील, उद्या ताई. टेलरबाईंनी घरी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती, त्यात ताईसाठी मऊ कापडाचे दोन गाऊन होते, आखडल्या बोटांनी महिनाभर शिवलेले.

दुकान म्हणजे एक लांबलचक शेड. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं, साबणाच्या पाण्याचा वास, भिंतीवर फिल्मची रिळं ओळीनं लावलेली. टेलरबाईंना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कापडाचे तागेच की हे. फिल्म लावणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. कमरेला कटर आणि रबरी पट्टी, आणि बोलणं अघळपघळ नाही. त्या काचेवर बाहेरून फिल्म पसरून आधी मापाला कापायच्या, चारी बाजूंनी थोडी जास्त ठेवून. टेलरबाई मनात म्हणाल्या, शिवणीला जागा ठेवतेय, काम येतं हिला.

चिरंजीवांची फर्माईश सोपी होती. सगळीकडे काळीभोर, आणि सिरॅमिकच हवी.

काळी वेगळी आणि सिरॅमिक वेगळी, फिल्मवाली म्हणाली. तिनं टेबलावर गरमीचा दिवा लावला. यात ऊन नाही, घाबरू नका, असं म्हणून टेलरबाईंचा हात काचेच्या एका तुकड्यामागे धरला. तुकडा मिट्ट काळा, पण तळव्याला चटका बसायला लागला. मग दुसरा तुकडा, सिरॅमिकचा. हा इतका स्वच्छ की काही लावलंय हे सांगूनही पटू नये, आणि हात मात्र गार. टेलरबाई खूश झाल्या. रंगावर जाऊ नका, पोत बघा, हे गिऱ्हाइकांना सांगता सांगता त्यांची उमर गेली होती, आणि इथेही तेच निघालं.

मग फिल्मवालीनं एक कागद पुढे ओढला. त्यावर वरून दिसते तशी गाडी काढलेली होती. तिची पद्धतच होती, आधी कोण कुठे बसतं ते विचारायचं आणि मग कुठल्या काचेला काय ते सांगायचं. पुढच्या मोठ्या काचेला स्वच्छ सिरॅमिक, तिथे दुसरं काही चालतच नाही. मागच्या काचेला आणि मागच्या दारांना हवी तेवढी काळी लावा, कुणी हरकत घेत नाही. घोडं अडतं ते पुढच्या दोन दारांपाशी. तिथून आत उजेड किती यावा याचा कायदा आहे, त्याहून काळी लावली की पोलीस अडवतात.

"पत्र आहे ना," चिरंजीव म्हणाले, आणि ते प्लॅस्टिकचं पाकीट हुकमाचा पत्ता टाकावा तसं टेबलावर टाकलं.

फिल्मवालीनं पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा वर करून टेलरबाईंकडे बघत विचारलं, "तुमचं आहे का हे, काकू? तुम्ही कुठे बसता?"

"मागे," टेलरबाई म्हणाल्या.

"पुढे," चिरंजीव म्हणाले. "आई पुढेच बसते."

सूनबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या नखांकडे. पुढची जागा त्यांची, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

फिल्मवाली बरीच वर्षं या धंद्यात होती. तिनं आवाज न चढवता नीट समजावून सांगितलं. काकू मागे बसत असतील तर या पत्राची गरजच नाही. त्यांच्या दाराला स्वच्छ सिरॅमिक लावली तरी त्यांचं भागतं, काळीची काही गरज नाही. रुग्ण ड्रायव्हरशेजारी बसत असेल आणि डॉक्टरांचं पत्र असेल, तरच पुढच्या दोन्ही दारांना जादा काळी लावता येते. मग हा फॉर्म भरायचा. रुग्ण बसण्याची जागा, असा रकाना आहे, तो रुग्णानं आपल्या हातानं भरायचा आणि खाली सही करायची. रस्त्यात कुणी अडवलं की हाच कागद दाखवायचा.

टेलरबाई ऐकत होत्या. त्या काही शिकलेल्या नव्हत्या, पण मापात फसणाऱ्याही नव्हत्या. पत्र कशासाठी होतं, ते त्यांना कळलं. दवाखान्यातले ते दोन तास कशासाठी होते, तेही कळलं.

तरी त्यांनी एकदा विचारून पाहिलं. आईच ती. उद्या मग मी पुढे बसते, आपण ताईकडे जाऊ, असं अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

चिरंजीव भिंतीवरची रिळं बघायला लागले. शेवटी सूनबाईच बोलल्या, की उद्या यांच्या मित्रांच्या गाड्या निघणार आहेत, सगळ्यांच्या काळ्या काचा आहेत, यांचीच तेवढी राहिलीय. मग पुढच्या रविवारी, टेलरबाई म्हणाल्या. पुढच्या रविवारी गाडी धुवायला द्यायची होती. त्याच्या पुढच्या?

"आई, चार तास जायचे, चार तास यायचे," चिरंजीव वैतागून म्हणाले. "तुला झेपणार आहे का? डॉक्टरांनीच लिहून दिलंय की, तुझी तब्येत कशी आहे ते." आणि त्यांनी बोटानं पत्रावर टकटक केलं.

"म्हणजे काच काळी करायची म्हणून मी आजारी," टेलरबाई म्हणाल्या, "आणि ताईकडे जायचं नाही म्हणूनही मी आजारीच."

सूनबाई हळूच म्हणाल्या, आई, एक सही तर करायचीय, तुमचं काय जातंय त्यात?

खरंच, काय जाणार होतं? टेलरबाईंनी पेन हातात घेतलं आणि विचार केला. सही केली तर पोरगा खूश होईल. खूश असला की कधीतरी, कुठल्यातरी रविवारी, मनाची नाही तर जनाची म्हणून घेऊनही जाईल. सही नाही केली तर ते दार कायमचं बंद. दुसरं कोण नेणार होतं त्यांना? आणि ताईकडे रविवार उरले होतेच किती? जन्मभर त्यांनी असंच केलं होतं, गिऱ्हाइकाची चूक असली तरी आपणच उसवायचं आणि आपणच पुन्हा शिवायचं. पण आज संताप काही केल्या गिळवेना. फसवलं याचा राग होताच, पण दोन तास बसला हो माझ्यासाठी म्हणून आपण गल्लीभर नाचलो, त्याची लाज जास्त जाळत होती.

त्यांनी रकाना भरला. बोटं आखडलेली, त्यामुळे वेळ लागला, पण अक्षर वळणदार आलं. रुग्ण बसण्याची जागा: घरी. खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

फिल्मवालीनं कागद वाचला, चिरंजीवांकडे फिरवला आणि म्हणाली की यावर पुढच्या काचा काळ्या होत नाहीत.

चिरंजीवांचे कान लाल झाले. "काय केलंस तू हे? आता मावशीकडे कोण नेणार तुला?"

"कुणीच नाही," टेलरबाई म्हणाल्या. "तेच लिहिलंय."

ते तरातरा बाहेर गेले, मागून सूनबाई. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. फिल्मवालीनं पाण्याचा पेला आणून ठेवला आणि सांगितलं, ऊन उतरेपर्यंत बसा, इथे तुम्हाला कुणी ऊठ म्हणणार नाही. मग ती दुसऱ्या गाडीच्या कामाला लागली.

टेलरबाईंनी फोन काढला. ही काही त्यांची रोजची वेळ नव्हती, त्यामुळे ताई घाबरली. काय झालं, काय झालं, म्हणून विचारत राहिली.

"ताई, मी नाही यायची गं," टेलरबाई म्हणाल्या. "काचांना काहीही लावलं तरी नाही."

ताई म्हणाली, "ठाऊक होतं मला."

"कसं?"

"मागच्या महिन्यात येऊन गेला की तुझा लेक इथे. मित्रांबरोबर कुठे निघाला होता, पाच मिनिटं डोकावला. मी विचारलं, तिला का नाही आणलंस? म्हणाला, गाडीत जागा नव्हती."

महिनाभर रोज संध्याकाळी टेलरबाई या बाईला काचांच्या गोष्टी सांगत होत्या, आणि ही रोज हो हो म्हणत होती. त्यांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस मला?"

"तू येते येते म्हणायचीस ना," ताई म्हणाली, "ते ऐकायला बरं वाटायचं."

बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, जास्त वेळ.

"काय वाजतंय गं?" ताईनं विचारलं.

"काही नाही," टेलरबाई म्हणाल्या. "तू बोल."