खडूचे सतरा गोल

माझ्या फोनवर हल्ली दोनच आवाज येतात. एक माझ्या मुलाचा, स्वप्नीलचा, बंगळूरहून, दर रविवारी. दुसरा एका मुलीचा, आठवड्यातून दोनदा तरी, क्रेडिट कार्ड हवंय का म्हणून. मुली बदलत असतील, मला ती एकच वाटते. मला कार्ड नकोय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या डेंटरला कार्ड देणार तरी कोण? पण मी तिला नको म्हणत नाही. "सांगा, सांगा, फायदे काय काय आहेत?" असं विचारतो, मग ती पाच-सात मिनिटं बोलते. मला सर म्हणते. सगळा जन्म 'ए शिवा' ऐकण्यात गेला, सर व्हायला म्हातारपण यावं लागलं.

त्यामुळे बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा सर व्हायच्या तयारीनेच उचलला. निघाली अनुजा, फणसवाडीतल्या बाबुरावांची मुलगी.

बाबुरावांचा गिरगावात लग्नपत्रिका छापायचा छोटा प्रेस होता आणि त्यांच्याकडे सत्तावन्न सालची फियाट होती. पुढून नाक काढलेली, म्हणून तिला सगळी मुंबई डुक्कर फियाट म्हणायची. तीस वर्षं त्या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. रे रोडच्या आमच्या गॅरेजात ते स्वतः घेऊन यायचे, स्टुलावर बसायचे आणि मी हातोडी खाली ठेवेपर्यंत उठायचे नाहीत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. गॅरेज त्याच्याही आधी गेलं.

"शिवाकाका, आमची वाडी पाडतायत," अनुजा म्हणाली. "महिनाअखेर आवार रिकामं करायचंय. गाडीचं काय करू? माझगावला मामाचा गाळा आहे, तिथे ठेवून काम करता येईल. पण जीव लावण्यासारखी राहिलीय का, ते तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात तर करू. नाही म्हणालात तर भंगारात."

"आणि काम कोण करणार?"

"तुम्ही. दुसरं कोण?"

मी उद्या येतो म्हणालो. खरं तर लगेच निघालो असतो, पण माणसाने थोडी किंमत ठेवावी.

जुन्या गाड्यांबद्दल माझं मत सगळ्यांना माहीत आहे आणि ते कुणाला आवडत नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध. चालत होती तेव्हा शिव्या घातलेल्या असतात, धक्के मारलेले असतात, आणि पत्रा सडल्यावर 'काय गाडी होती' सुरू होतं. मी फटकळ माणूस. होणार नाही त्या गाडीला होणार नाही म्हणायचो, त्यापायी गिऱ्हाईकं जायची आणि गॅरेजचा उस्ताद कपाळाला हात लावायचा. त्याच उस्तादाने मला गाडी बघायची रीत शिकवली. हातात खडू घ्यायचा आणि गाडीभोवती फिरायचं. जिथे पत्रा ठोकून निघेल तिथे फुली. जिथे सडलाय, कापूनच काढावा लागेल, तिथे गोल. तोंडाने काही बोलायचं नाही. शेवटी मालकासमोर गोल मोजायचे, वीसच्या वर गेले तर हात जोडायचे आणि गाडी परत पाठवायची. बाबुरावांना ही रीत फार आवडायची. दुसऱ्या गॅरेजात सगळं लांबीखाली दडपतात, त्या लांबीला आता पुट्टी म्हणतात, वरून रंग मारतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे मूठ उघडी, असं म्हणायचे.

गुरुवारी दहाला मी फणसवाडीत पोचलो. आवारात बदामाच्या झाडाखाली गाडी उभी होती. चारही टायर बसलेले, पण अंगावर धुळीचा कण नव्हता. अनुजा पायरीवर आली. अठ्ठावन्नची झालीय, बँकेतून रिटायर, लग्न केलं नाही. आई आधीच गेलेली. वाडीतली निम्मी बिऱ्हाडं सामान बांधून निघून गेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दारांना कुलपं होती.

"गाडी धुतेस काय गं?" मी विचारलं.

"दर रविवारी. बाबा धुवायचे ना."

मी खडू काढला. पुढच्या मडगार्डपासून सुरुवात केली. बोटाच्या गाठीने ठोकून ऐकायचं, संशय आला की स्क्रूड्रायव्हर टोचायचा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडका गप्प बसतो. मडगार्डवर तीन गोल. हेडलाइटखाली एक. बॉनेटच्या कडेला चार. डिकीत चार. पायाखालची जाजमं उचलली तर खाली आवाराची फरशी दिसली, तिथे पाच. अकरा वर्षं उघड्यावर, आणि दर आठवड्याला पाणी. तिच्या मायेनेच गाडी सडत होती, पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली, सोबत खारी. पायरीवर बसली आणि बोलायला लागली. बाबा पहाटे हॉर्न वाजवून दूधवाल्याला कसे उठवायचे. आईला चौपाटीला नेताना पुढची उलटी उघडणारी दारं कशी हळू लावायला लागायची. मग तिने मला विचारलं, शेवंतीकाकू जाऊन किती वर्षं झाली. सहा, म्हणालो. मग जेवण? स्वतःच करतो, म्हणालो, भात जास्त होतो. ती हसली. "माझाही होतो," म्हणाली. "एका माणसाचा भात कुणाला जमतो हो?"

मी सहा वर्षांत एवढा वेळ कुणाशी बोललो नव्हतो. लालबागला आमच्या मजल्यावर आता तीन खोल्या उघड्या आहेत आणि त्यातल्या दोघांशी माझं पाण्यावरून भांडण आहे. तो दोष माझाच.

"काम किती दिवसांचं असेल?" तिने विचारलं.

"सहा महिने तरी."

"रोज?"

"रोज सकाळी."

"मग मी अकराला चहा आणत जाईन माझगावला. नाहीतरी मला काय काम असतं?"

मी मनात धरलं, सहा महिने, रोज सकाळी कुठेतरी पोचायचं आहे. कुणीतरी अकराला येणार आहे. मला ते फार हवं होतं.

मग मी मधल्या खांबाशी आलो. या गाडीची एका बाजूची दोन्ही दारं त्याच एका खांबावर लटकतात. तो धड असेल तर बाकी सगळं जोडता येतं. तो गेला तर गाडीच नवी बांधावी लागते, म्हणजे ती बाबुरावांची राहत नाही. मी खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर लावला. जोर द्यावा लागला नाही. मुठीपर्यंत आत गेला आणि तांबडा भुगा माझ्या चपलेवर सांडला.

अनुजा कप विसळायला आत गेली होती. मी भुगा पायाने पसरला आणि दार हळू लावलं. तिथे गोल काढला नाही. पलीकडचा खांब बघितलाच नाही. दारांखालच्या पट्ट्या होत्या, त्यांच्यावरून नुसता हात फिरवला. हात फिरवल्यावर काय कळतं? काही नाही. म्हणून तर फिरवला.

ती बाहेर आली तेव्हा आम्ही मोजले. सतरा.

"वीसच्या आत," मी म्हणालो. "होईल."

ती गाडीकडे बघत राहिली. मला वाटलं, आनंदाने तिला सुचत नसेल. "नक्की ना, काका?" तिने विचारलं. मी म्हणालो, "शिवाने कधी उगाच हो म्हटलंय?" खडूचा तुकडा बॉनेटवर तसाच ठेवून मी निघालो.

त्या दिवशी मी परळला उतरून नवे हातमोजे घेतले. घरी हातोड्या पुसल्या, तेल लावलं. स्वप्नीलला गुरुवार असूनही फोन केला, तर तो घाबरला. "बाबा, तब्येत बरी आहे ना?" काम मिळालंय म्हटल्यावर म्हणाला, "मस्त ना. पण दमू नका." शेवंती असती तर तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. ती मालवणीत म्हणायची, "तुका पत्र्याचा कळता, माणसांचा काय एक कळणा नाय." मला झोपही छान लागली, हेच वाईट.

सकाळी पिशवी घेऊन पोचलो. गाडी ओढून न्यायचं कसं, ते ठरवायचं होतं. अनुजा पायरीवर बसली होती आणि गाडीवर खडूच्या खुणा कालच्यापेक्षा जास्त होत्या.

माझे गोल मोठे असतात, वेडेवाकडे. नवे गोल लहान होते, नीट मिटवलेले, बँकेत सही तपासणाऱ्या माणसाने काढावेत तसे. दारांखालच्या पट्ट्यांवर सात. मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर चार. काचेच्या खाली तीन. डावं पुढचं दार उघडं होतं आणि मधल्या खांबाच्या तळाशी, मी स्क्रूड्रायव्हर घातला तिथेच, एक होता. पलीकडच्या खांबावर आणखी एक.

"तुमचे सतरा," अनुजा म्हणाली. "माझे सोळा."

मी पिशवी खाली ठेवली.

"दर रविवारी हाताने पुसते मी तिला, काका. मला तिचं भोक न भोक माहीत आहे. त्या खांबातून भुगा पडतो ते दोन वर्षांपूर्वीच कळलं."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"तुमच्याआधी तिघांना दाखवली. तिघंही हो म्हणाले, त्यांना काम हवं होतं. बाबा म्हणायचे, शिवा नाही म्हणाला की नाही. ते ऐकायचं होतं मला." तिचा आवाज फुटला नाही, नुसता बारीक झाला. "माझ्याच्याने भंगारवाल्याला फोन होत नाही. दोनदा नंबर लावला आणि ठेवला. वाटलं, तुम्ही नाही म्हणाल, मग ते ठरवणं आपलं दोघांचं होईल. तुम्ही हो म्हणालात आणि गेलात. रात्रभर मी इथे एकटी टॉर्च घेऊन गोल काढत होते."

बाजूला कुणाच्या तरी रिकाम्या खोलीत खिडकी आपटत होती. मला काहीतरी चांगलं बोलता यायला हवं होतं. मला खरं तेवढंच बोलता आलं.

"मला सकाळी कुठेतरी जायला हवं होतं अनुजा. दुसरं काही नाही. तू अकराला चहा आणते म्हणालीस आणि मी तो खांब बघितलाच नाही असं केलं. बाबुराव असते तर माझी हिंमत झाली नसती. तू एकटी आहेस म्हणून झाली."

तिने मान खाली घातली. मग तिने तिच्या मुठीतला खडू पुढे केला.

"खालून बघायचं राहिलंय," ती म्हणाली. "मला खाली शिरता येत नाही."

मलाही येत नाही, पण मी फरशीवर आडवा झालो आणि गाडीखाली सरकलो. बाबुरावांच्या गाडीखाली मी शेवटचा शिरलो त्याला पंधरा वर्षं झाली होती. पेट्रोलच्या टाकीच्या वर पत्र्याचं जाळं झालं होतं. तिथे मी चौतिसावा गोल काढला. बाहेर आलो तेव्हा तिने हात देऊन उठवलं. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि मालकासमोर राहायचो तसे हात जोडले.

"नाही," मी म्हणालो. "ही गाडी होणार नाही."

तेव्हा ती रडली. मी पायरीवर तिच्या शेजारी बसून राहिलो. मग तिने नंबर लावला, मी फोन कानाला धरला आणि भंगारवाल्याला पत्ता सांगितला. शनिवारी ते आले. दोरीने ओढताना डावं दार आपोआप निखळून पडलं. आम्ही दोघं बघत होतो.

पुढच्या आठवड्यात ती बोरिवलीला भाड्याच्या जागेत गेली. जाताना "या हो काका कधी," म्हणाली. मीही "येईन की," म्हणालो. तिने बोलावलं ते मनापासूनच, पण माझ्या हो म्हणण्यावर तिने आता किती विश्वास ठेवावा, ते मला कळतं.

बुधवारी सकाळी फोन वाजला. मी चटकन उचलला.

"सर, तुमच्यासाठी एक खास कार्ड आहे, दोन मिनिटं बोलू शकते का?"

तिचा आवाज चांगला होता. ती सात मिनिटं सहज बोलली असती.

"नाही, बाई," मी म्हणालो. "मला कार्ड नकोय. इतके दिवस नुसतं ऐकत होतो. तुमचा वेळ घालवला."

ती थँक्यू सर म्हणाली आणि तिने फोन ठेवला. अकरा वाजत आले होते. मी उठून एका माणसाचा चहा टाकला.