उस्तादांच्या हातची झोप

उस्तादांच्या हाताखाली माणूस झोपला नाही असं सहसा व्हायचं नाही. गालाला फेस लागला की गिऱ्हाइकाचे डोळे मिटायचे, डोक्याला तेल लागलं की तोंड उघडायचं, आणि मग उस्ताद वस्तरा तसाच हवेत धरून बाकावर ताटकळलेल्यांकडे वळायचे आणि भुवया उडवायचे. बोलायचे काही नाहीत. हातात जादू असलेल्या माणसाने ते स्वतः बोलून दाखवायचं नसतं, दुसऱ्यांनी बोलायचं असतं. फक्त दुसरे नाही बोलले तर उस्तादांना चैन पडायचं नाही.

अशा या माणसाच्या घरात दोन ससे आले ते निव्वळ मोठेपणाच्या हौसेपायी. एका गिऱ्हाइकाची बदली झाली होती. नव्या घरमालकाला जनावरं चालत नव्हती, पोरांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि हे सगळं तो बिचारा अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत सांगत होता. उस्ताद म्हणाले, द्या इकडे. बायकोला विचारायचं असतं हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा पिंजरा दुकानाच्या दारात येऊन टेकला होता.

घर दुकानाच्या मागेच, मधे फक्त एक दार. त्या दारात काकू येऊन उभी राहिली. उस्तादांच्या बायकोला सगळी गल्लीच काकू म्हणायची. तिने पिंजऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कुणाला बाहेर ठेवावं याचा जरा वेळ विचार केला. मग म्हणाली, राहू देत, हे निदान बडबड तरी करणार नाहीत.

पांढरीचं नाव कापशी पडलं. तपकिरी होती ती मागच्या पायांवर उभी राहून घरभर नजर ठेवायची आणि मनाविरुद्ध काही झालं की पाय आपटायची, म्हणून ती फौजदारीण. दोन्ही माद्याच आहेत अशी आधीच्या मालकाने शपथ घेतली होती, आणि बरेच दिवस झाले तरी दोनाच्या दोनच राहिल्या, म्हणजे माणूस खोटं बोलला नसावा.

आता सशांबद्दल उस्तादांना ठाऊक काय होतं? चित्रातलं गाजर. त्यांनी गाजरांचा ढीग ओतला. दोघींची पोटं बिघडली, आणि पुसापुशी काकूच्या वाट्याला आली. मग कुणीतरी शहाण्याने सांगितलं की यांचं खरं खाणं वाळलेलं गवत, तेव्हा तबेल्यातून गवताचा भारा आला. उस्ताद शाम्पूची बाटली घेऊन निघाले, तर काकूने ती हातातून काढून घेतली. या स्वतःच्या स्वतः चाटून स्वच्छ राहतात, म्हणाली, टॉवेल पलंगावर टाकत नाहीत. तोवर फौजदारणीने केस वाळवायच्या यंत्राची वायर तोडून मोकळी केली होती. नशीब, बटण बंद होतं.

हे सगळं उस्तादांनी हसून सोसलं. त्यांना सोसवलं नाही ते एकच. दोघी त्यांच्याजवळ फिरकत नव्हत्या. काकू जमिनीवर भाजी निवडत बसायची, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायची नाही, आणि या तिच्या गुडघ्याला टेकून बसायच्या. उस्ताद कौतुकाने हात पुढे करून यायचे, की दोघी पलंगाखाली. ज्या हातांसाठी माणसं बाकावर तासतास बसतात, त्या हातांना दोन ससे विचारीनात. उस्तादांच्या ते फार मनाला लागलं. जेवताना त्यांनी दोनदा विचारलं की माझ्या हाताला काही वास येतो का. काकूने हुंगून सांगितलं, येतो, पण तो आता जायचा नाही.

आणि एक दिवस चमत्कार झाला. नखं वाढलीत का पाहावं म्हणून उस्तादांनी कोपऱ्यात गाठून कापशीला उचललं आणि हातावर उताणी केली. कापशी एकदम शांत. पाय ढिले, मान मागे, हू नाही की चू नाही. उस्तादांनी पोटावरून बोट फिरवलं तरी हलली नाही.

"झोपली," उस्ताद कुजबुजले. 

काकू म्हणाली, डोळे तर उघडे आहेत. उस्ताद म्हणाले, आपल्याकडे दाढीला येतात ते कॅशियरही बँकेत उघड्या डोळ्यांनी झोपतात. कॅशियर खरंच तसे झोपायचे.

त्या दिवसापासून उस्तादांचे पाय जमिनीला लागेनात. कापशी रोज दुकानात येऊ लागली. गिऱ्हाईक बसलं की उस्ताद म्हणायचे, एक गंमत दाखवतो, आणि कापशीला हातावर उताणी करून सगळ्यांसमोरून फिरवायचे. लोक वाहवा करायचे. शेजारचा शिंपी तर माप घ्यायचं सोडून यायचा. उस्तादांच्या हातात जादू आहे, मुकं जनावरसुद्धा झोपतं, अशी बातमी पुढच्या गल्लीपर्यंत गेली, आणि केस कापायचे नसलेले लोकही येऊन बसू लागले. काकूने एकदा टोकलं, की दुकानातून परत आली की ही बराच वेळ खात नाही. उस्ताद म्हणाले, झोपेतून उठल्यावर कुणाला लगेच भूक लागते?

मग एका सुट्टीच्या दिवशी, तुडुंब गर्दीत, खुर्चीवर एक नवे गृहस्थ बसले होते. गालभर फेस. उस्तादांनी सकाळपासून तिसऱ्यांदा कापशीला उताणी केली आणि आरशात त्या गृहस्थांना दाखवली. ते ताडकन उठून बसले. फेसाचा गोळा मांडीवर पडला.

"तिला आधी सरळ करा," ते म्हणाले. "हळू. आता खाली ठेवा."

ते जनावरांचे डॉक्टर होते, गल्लीत नुकतेच राहायला आलेले. उस्ताद हसून समजावू लागले, की अहो, झोपलीये ती, माझ्या हाताचा गुणच आहे.

"ती झोपली नाहीये, उस्ताद. तिने मेल्याचं सोंग घेतलंय. तिला वाटतंय, तुम्ही तिला खाणार."

शिंपी हळूच आपल्या दुकानात निघून गेला. डॉक्टर पुढे बरंच बोलले, आणि वाईट हे की ओरडून नव्हे, समजुतीने बोलले. सशाला उताणं केलं की भीतीने तो असाच लुळा पडतो. झटका देऊन निसटायला गेला तर पाठ मोडते. आणि धसक्याने खाणं सोडलं तर पोटाचं काम थांबतं, मग एका दिवसातही जीव जातो. आज तिला हात लावू नका, म्हणाले. उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर माझ्याकडे आणा. मग मला तिला धरून सुया टोचाव्या लागतील, आणि इतक्या घाबरलेल्या जिवाला पुन्हा कुणी धरणं मला आवडणार नाही, पण इलाज नसेल.

उस्तादांनी त्यांची दाढी कशीबशी पुरी केली. जन्मात पहिल्यांदा त्यांचा वस्तरा अडखळला, आणि जन्मात पहिल्यांदाच गिऱ्हाईक टक्क जागं होतं.

संध्याकाळी कॅशियर आले. उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर कापड टाकलं, हातात वस्तरा घेतला आणि थांबले. त्यांनी विचारलं की कॅशियरसाहेब, माझ्या खुर्चीत तुम्ही डोळे मिटता ते झोपेने की भीतीने? कॅशियर आधी हसले. मग उस्ताद हसत नाहीत हे पाहून म्हणाले, दाढीच्या वेळी झोपच लागते हो. शेवटी तुम्ही मान धरून कडकन वाजवता ना, तेव्हा मात्र मी मनातल्या मनात बायकोपोरांचा निरोप घेतो. इतकी वर्षं सांगितलं का नाही असं उस्तादांनी विचारलं, तर कॅशियर म्हणाले, वस्तरा तुमच्या हातात होता.

उस्ताद त्या रात्री जेवले नाहीत. कापशीही जेवली नाही. सकाळी दोघांची ताटं तशीच होती.

तो दुकान बंदचा वार होता. कापशी पलंगाच्या कोपऱ्याशी गोळा होऊन बसली होती, कान पाठीला चिकटवून. फौजदारीण तिच्या बाजूला उभी राहून उस्तादांकडे बघत होती, आणि ते जरा हलले की पाय आपटत होती. उस्तादांनी गवताची मूठ लांबून सरकवली. कापशीने वास घेतला नाही. काकूने कोवळी कोथिंबीर ठेवली, तिला काय तो न्याय फौजदारणीने दिला. घड्याळ पुढे चाललं होतं. माझ्या हातांनी मारली मी तिला, असं ते तीन-चारदा म्हणाले. काकूलाही रडू येत होतं, पण ती म्हणाली, अजून मेली नाहीये, तुम्ही तोंड बंद ठेवा.

शेवटी काय करावं हे न सुचून उस्ताद तिथेच जमिनीवर आडवे झाले. गवताच्या ढिगातच पालथे पडले, हात पोटाखाली दडपून टाकले, म्हणजे चुकूनही पुढे यायला नकोत. डोक्यात, कानावर, मानेवर गवतच गवत. काकू त्यांना ओलांडून दोनदा गेली-आली. तिने झाडू घेतला होता, तो तिने परत ठेवला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. उस्तादांच्या कानाशी काहीतरी गार लागलं. नाक होतं. ते त्यांच्या मानेपाशी गेलं, परत आलं, टाळूवर थांबलं. फौजदारीण असणार, उस्तादांना वाटलं, चावायला आली असणार, आणि चावावंच तिने. तेवढ्यात डोक्यावर बारीकसा झटका बसला. मग आणखी एक. आणि मग अगदी कानाजवळ कुरकुर, कुरकुर असा आवाज सुरू झाला.

"अहो," काकू दाराशी उभी राहून श्वासही न घेता म्हणाली, "कापशी खातेय. तुमच्या डोक्यावरचं गवत खातेय."

उस्तादांनी डोळे घट्ट मिटले. गवताबरोबर त्यांचे केसही ओढले जात होते, आणि ते चांगलंच दुखत होतं. पाय बधिर झाला होता, नाकात गवत जाऊन शिंक येत होती, ती त्यांनी कशी दाबली ते त्यांनाच माहीत. जन्मभर लोकांच्या डोक्याला हात घालणारा माणूस एका सशाने आपल्या डोक्यावरून जाऊ नये म्हणून लाकडासारखा पडून राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही हात काढता येईना.

तेवढ्यात दुकानाच्या दारावर थाप पडली. कॅशियर होते. म्हणाले, अचानक एका कार्याला जायचंय, आज बंद आहे ठाऊक आहे, पण उस्तादांनी तेवढे कानाजवळचे केस मारून दिले असते तर. काकूने दार बोटभर उघडून ओठांवर बोट ठेवलं. कॅशियरांनी फटीतून आत वाकून पाहिलं. गवतात पालथे पडलेले उस्ताद आणि त्यांच्या डोक्यावर तल्लीन होऊन जेवत असलेली कापशी पाहून त्यांचा आवाज आपोआप खाली आला. त्यांनी विचारलं, झोपलेत का?

"नाही, जागे आहेत," काकू म्हणाली. "पण ती उठेपर्यंत ते उठायचे नाहीत. तुम्ही असेच जा कार्याला."