बांधाच्या पुस्तकाचं पहिलं पान

आत्मारामतात्यांचं पुस्तक पहिल्याच पानावर अडून बसलं होतं. पान कोरं होतं असं नाही. ते लिहून, खोडून, पुन्हा लिहून भरलेलं होतं. पण पुस्तक होतं पाणी अडवण्याचं, आणि त्या पानावर अजून पाण्याचा थेंब आला नव्हता.

तात्यांची वाडी रत्नागिरीहून एसटीने तासाभराच्या वाटेवर. वाडीच्या पायथ्याशी पऱ्या आहे, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. पाऊस सरला की पूर्वी सगळी वाडी मिळून त्या पऱ्यावर दगडमातीचा बांध घालायची. पाणी अडलं की विहिरींना झरे राहायचे आणि पऱ्याकाठी मिरची, वांगी, पालेभाजी उन्हाळ्यापर्यंत निघायची. पुढे नळ आले, माणसं मुंबईला गेली आणि बांध घालायचा राहिला तो राहिलाच.

बांधाचे म्होरके काशीरामदादा. आता त्यांचं वय झालं होतं आणि ऐकू येणं कमी होत चाललं होतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं, पण सांगूनही ठेवलं की, याचा उपयोग फार दिवस व्हायचा नाही. दादांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं.

"आत्माराम, बांध कसा घालायचा तो लिहून ठेव. नि मला वाचून दाखव हां. कान हायत तोवर."

तात्यांनी हो म्हटलं आणि तिथेच घोळ झाला. मिरजोळ्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं होतं. अक्षर चांगलं, हिशेब चोख. पण वाडीत त्यांची खरी ओळख वेगळी होती. देवळात नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायचं ते तात्यांनीच. कामाला हात घालण्याआधी ग्रामदेवतेपासून सीमेवरच्या राखणदारापर्यंत सगळ्यांना हाका मारायच्या, मग मानकऱ्यांची नावं घ्यायची. एक नाव सुटलं तर वर्षभर टोमणे. तात्यांच्या तोंडून कधी सुटलं नव्हतं.

पुस्तकही त्यांनी तसंच सुरू केलं. देव झाले, मानकरी झाले, आजवरचे सरपंच झाले. मग दुकानावर अनिल भेटला.

"तात्या, पुस्तक लिहिताय म्हणे. आमच्या आजाचं नाव घातलंत ना? रावजीचं?"

"घालतो रे."

"नाय, घालतो म्हणजे अजून नाय घातलंत!"

तात्या घरी आले आणि पान नव्याने लिहायला बसले. रावजीला घेतलं तर शेजारच्या घराला वगळून कसं चालेल? मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाचाही फोन आला. मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार झाले. पान वाढत गेलं. आणि दर आठवड्याला काशीरामदादांशी बोलताना तात्यांना आवाज थोडा आणखी चढवावा लागत होता.

शेवटी एका सकाळी लिहिलं होतं तेवढं घेऊन ते दादांच्या पडवीत गेले. दादांची नात शमिका, चौथीतली, तिथेच बसून शेंगा सोलत होती. दादांनी मशीन नीट बसवलं, वर कानामागे हातही धरला. तात्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. दादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?"

"एवढंच झालंय."

"मग मेल्या, बांध कधी घालतोस?"

तात्यांचा चेहरा उतरला. "दादा, नावं सोडली तर लोक बोलतील."

"गाऱ्हाणं देवापुढं घाल. त्याला घाई नाय. माझ्या कानांना हाय."

तात्या कागदांच्या कडा जुळवत राहिले. तेवढ्यात शमिकाने विचारलं, "तात्याआजोबा, पण वाहत्या पाण्यात माती टाकली की ती वाहूनच जाणार ना? मग बांध होतो कसा?"

"अगो, पाणी एकदम अडवायचंच नाही," तात्या सहज बोलून गेले. "दोन्ही काठांकडून बांध पुढे न्यायचा. आधी दगड, दगडांत झाडाचे टहाळे. मधे पाण्याला वाट ठेवायची. त्याला वाटतं, आपल्याला कोण अडवतंय?"

शमिका हसली. "आणि मग?"

"मग टहाळ्यांवर चिखल..."

"काय म्हणाला तो?" दादांनी विचारलं.

"चिखल!" तात्या ओरडले.

"चिखल नाय! चिखल जातो वाहून. शेताच्या मेरेवरची माती, गवताच्या मुळांसकट. मुळं धरून ठेवतात."

तात्यांनी खिशातलं पेन काढलं. कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पहिली ओळ लिहिली ती शमिकाच्या प्रश्नाची, आणि तिच्याखाली उत्तर. लिहिलं की दादांना ओरडून वाचून दाखवायचं, दादांनी चूक काढायची, तात्यांनी खोडायचं. त्या आरडाओरड्याने दगडी गडग्यापलीकडची तुळसावहिनी बाहेर आली. "टहाळे ऐनाचे हो भावोजी, आंब्याचे नाय! आंब्याला हात लावलात तर आमचे सासरे कोयती घेऊन उठायचे." तात्यांनी तेही घेतलं. वाटेने जाणारा अनिल थांबला.

"मधली वाट बुजवायची कशी?" शमिकाने विचारलं. "तिथे तर जोर फार असणार."

तात्यांनी दादांकडे पाहिलं. दादांना प्रश्न ऐकू गेला नव्हता. तात्यांनी त्यांच्या कानाशी जाऊन तो सांगितला.

"रावजी बसायचा!" दादा म्हणाले. "त्या वाटेत, पाण्याला पाठ देऊन. पाणी जरा दबलं की आम्ही त्याच्या पुढ्यात माती भरायचो. कार्तिकातली थंडी, नि हा गडी आतून शिव्या घालतोय आम्हाला, 'लवकर करा रे, लवकर करा!'"

अनिल पायरीवर येऊन बसला. आपला आजा असा पाण्यात बसायचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तात्या लिहीत होते. "कुठल्या शिव्या, तेही घालू?" त्यांनी अनिलला विचारलं.

"घाला," अनिल म्हणाला.

तात्यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचलं. दादांनी डोळे मिटून ऐकलं. मशीनमधून बारीक शिट्टी आली, ती त्यांनी बोटाने दाबली.

"पाणी अडलं काय?"

"अजून नाही, दादा. रावजी बसलाय."

"मग त्याला किती वेळ थंडीत बसवतोस?" दादा म्हणाले. "लिही, लिही पुढं."