ओमिरचा वकील

वकिलाने जन्मात कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती. नजर होती तोवर तो गोदामात क्रेन चालवायचा. मग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले आणि डोळ्यांमागोमाग क्रेनही गेली. वकील हे नाव टायरवाल्याने ठेवलेलं. 'अंधारयान' या मालिकेत ओमिर नावाचा एक सुकाणूवाला होता, वरिष्ठांना तोंडावर सुनावणारा, आणि त्याची बाजू हा माणूस अशी लढवायचा की समोरच्याने कान धरावेत. आजवर तो एकदाही हरला नव्हता. घरात चहाचा कप कुठे ठेवलाय हे विचारावं लागे, रस्ता ओलांडताना कुणाचा तरी दंड धरावा लागे. पण रविवारी दुपारी टायरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो बसला की तिथे त्याच्याइतका शहाणा कोणी नव्हता. आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांना तेवढाच काय तो टेकू.

अंधारयानची पाच पर्वं, दोन सिनेमे आणि ओमिरच्या तरुणपणाची एक वेगळी मालिका. सगळ्या भांडणाचं मूळ तिसऱ्या पर्वात होतं. यानाच्या मागच्या कप्प्यात शेकडो माणसं झोपवून ठेवलेली असतात. एका रात्री त्या कप्प्याचं दार उघडतं आणि झोपलेली माणसं झोपेतच बाहेरच्या पोकळीत जातात. दाराचा खटका कोणी ओढला, हे पुढे एकही पात्र बोलत नाही, कारण यानावर सगळ्यांना तो अपघात वाटतो. प्रसंग मुका आहे, संवाद नाही, संगीतही नाही. वकिलाला तो बायकोने सांगितला होता. मालिका चालू असताना ती शेजारी बसायची आणि पडद्यावर काय चाललंय ते बोलत राहायची. खटका कप्तान व्हेल्डाने ओढला, असं तिनेच सांगितलं होतं, आणि त्याच पायावर वकिलाने इमल्यावर इमले चढवले होते.

त्या रविवारी संध्याकाळी तिसरा आणि शेवटचा सिनेमा टीव्हीवर लागणार होता. त्यामुळे आपापलं म्हणणं मांडायची ती अखेरची संधी. टायरवाला होता, छापखान्यात काम करणारा वकिलाचा साडू होता, आणि एक नवीन नर्सबाई होती. ती आली होती पंक्चर काढायला. आतून अंधारयानचं भांडण ऐकू आलं आणि गाडी बाहेर सोडून ती सरळ आत येऊन बसली.

"दुसऱ्या सिनेमातला बुरखेवाला म्हणजे म्हातारा झालेला ओमिर," टायरवाला म्हणाला. "चाल तीच, खोकला तोच."

"खोकल्यावरून माणूस ओळखतोस, तर टायर विकून दवाखाना काढ," वकील म्हणाला. "बुरखेवाला व्हेल्डाचा भाऊ आहे. जुन्या यानाची एकेक नोंद तो जाळत सुटलाय, ती कोणाचं पाप झाकायला? आणि तरुण ओमिर आठवा. जखमी कामगाराला टाकून चल म्हणाले, तर गड्याने यान जमिनीवरून हलवलं नाही. असा माणूस झोपलेल्यांच्या जिवावर उठेल? व्हेल्डाला बघा. पहिल्या पर्वापासून ती माणसं मोजते ती धान्याच्या पोत्यांसारखी."

"बिनतोड आहे, साडूभाऊ," साडू म्हणाला. "आम्ही हात टेकले."

"पण खटका ओमिरच ओढतो ना?" नर्सबाई म्हणाली. "हात अगदी जवळून दाखवलाय की. दोन बोटं तुटलेला."

टायरवाल्याने उगाचच कुठलातरी पाना उचलून ठेवला. मग टेबलाखालून कोणीतरी कोणाला तरी जोरात लाथ मारली. ती मारायची होती नर्सबाईला, पण नेम चुकला आणि लागली वकिलाच्या नडगीवर.

"हा पाय कोणाचा?" वकील म्हणाला.

वाकून त्याने नडगी चोळली.

"पाय कोणाचा, असं विचारतोय मी."

"माझा," साडू म्हणाला. "चुकून लागला."

"लागला चुकून. मारलास कशाला?"

साडूने खुर्ची मागे सरकवली. मग टायरवालाच बोलला, खाली मान घालून बोलतात तसं. "वहिनींनी सांगितलं होतं रे. फार पूर्वी. म्हणाल्या, त्यांचं म्हणणं खोडू नका, त्यांना तेवढंच..."

"तेवढंच काय?"

वकिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला ओमिर गुन्हेगार निघाल्याचा राग नव्हता, ओमिर खड्ड्यात जावो. इतक्या रविवारी टाळ्या देऊन "वकिलासमोर आपलं काही चालत नाही" म्हणणारे हे लोक, ह्यांना सगळं ठाऊक होतं. लहान पोराशी पत्ते खेळताना मोठी माणसं मुद्दाम हरतात, तसे हे हरत आले होते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं म्हणतात. इथल्या कुत्र्यांनी पीठही खाल्लं नव्हतं, नुसतं दळू दिलं होतं. त्याला त्या क्षणी टेबलच उलटं करावंसं वाटलं, पण टेबल नेमकं कुठवर आहे ते माहीत नव्हतं, आणि त्याचाही संताप आला.

"सोडायला येतो," टायरवाला म्हणाला.

"हात लावलास तर बघ."

नर्सबाई दारापर्यंत मागे आली. मला माहीत नव्हतं हो, माफ करा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायला लागली.

"माफी कसली मागतेस, बाई," तो म्हणाला. "माझ्याशी भांडलेली तू एकटीच आहेस." आणि काठी आपटत तो निघाला. वाटेत एका खांबाला खांदा घासला, एका सायकलवाल्याची शिवी खाल्ली आणि त्याला दुप्पट परत केली.

बायको घरी कपड्यांना इस्त्री करत होती. आठवडाभर ती लाँड्रीत हेच करायची आणि रविवारी घरचे कपडे काढायची. वाफेचा फुसफुस आवाज ज्या दिशेने आला, त्या दिशेला तोंड करून त्याने सुरुवात केली.

"खटका कोणी ओढला?"

इस्त्री थांबली.

"अहो, आत तरी या."

"कोणी ओढला?"

"ओमिरने," ती म्हणाली.

"शाब्बास. डोळे गेले म्हणजे डोळ्यांत धूळ फेकायची सोयच झाली. एवढी वर्षं माझी कीव करत बसलात सगळे. घरात तू आणि दुकानात ते. माझा खुळखुळा केलात, मी वाजतोय आणि तुम्ही ऐकताय. तुला कोणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला?"

"उपकार नाही केले."

"मग काय केलंस?"

"झोपले," ती म्हणाली.

त्याला वाटलं, ही उडवून लावते आहे. पण तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि आता तिचाही आवाज चढला. "झोप लागली होती मला. तुमचं काम सुटलं त्या वर्षी मी दोन्ही पाळ्या करत होते, आठवतंय का? उभ्या उभ्या डुलक्या यायच्या. तो प्रसंग आला आणि माझा डोळा लागला. तुम्ही कोपराने ढोसलंत, काय झालं, काय झालं म्हणून. समोर व्हेल्डाचं तोंड होतं, म्हणून म्हटलं व्हेल्डाने. कोणाच्या बापाला ठाऊक होतं, तुम्ही त्याच्यावर महाल बांधणार आहात ते."

"दुसऱ्या दिवशी सांगायचंस."

"दुसऱ्या दिवशी लाँड्रीत कळलं मला खरं काय ते, आणि तुम्ही दुकानातून हसत आलात. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा. माझी जीभ रेटेना, आणि त्या लोकांच्या पाया पडले. कीव नव्हती ती, लाज वाटत होती मला. आता ओरडा हवं तेवढं."

तो ओरडलाही. विश्वास, साडूचा नालायकपणा, टायरवाल्याचा खोटा खोकला, सगळं काढलं. टेबलावर त्याचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा त्याने त्याला शिव्या घातल्या. शेवटी घसा बसला तेव्हा तो खुर्चीत टेकला.

"लाव तो भाग," तो म्हणाला. "आणि नीट सांग."

तिने आपल्या फोनवर लावला. सांगितलाही, एकही गोष्ट न गाळता. काळोख, मग लाल दिवा, मग एक हात, मधली दोन बोटं नाहीत. हात खटक्यावर बराच वेळ तसाच. मग ओढतो. ओमिरचा चेहरा घामाने निथळलेला, डोळे मिटलेले.

"मिटलेले?" वकील म्हणाला. त्याच्यातला वकील मेला नव्हता. "म्हणजे कोणीतरी करायला लावलंय त्याला. का? तुला काय वाटतं?"

हा प्रश्न त्याने तिला आजवर विचारला नव्हता. विचारल्यावर त्याच्याही ते लक्षात आलं.

"मला काय विचारता," ती म्हणाली. तिचा राग अजून तसाच होता. "मी कधी बघितलंय अंधारयान? चित्र दिसलं की मी शब्द शोधायला लागते. शब्द सापडेस्तोवर पुढचं चित्र येतं. आमच्या लाँड्रीतल्या बायका म्हणतात, अमुक ठिकाणी खूप रडलो. मला रडायला सवड कुठे असते? मी बघत नाही. मी तुम्हाला सांगते."

वकील अजूनही चिडलेलाच होता, मघापेक्षा जास्तच, फक्त आता कोणावर ओरडावं ते त्याला कळेना. तेवढ्यात शेवटचा सिनेमा सुरू झाल्याची ती ओळखीची धून टीव्हीवर लागली. बायको सवयीने खुर्ची जवळ ओढून बसली आणि म्हणाली, "हां, काळोख आहे, लांबून एक यान..."

"बोलू नकोस," तो म्हणाला.

"आता हे काय नवीन? रुसलात?"

"रुसलो नाही. तू बघ."

"अहो, तुम्हाला काही कळणार नाही."

"नाही कळणार. बघ तू."

सिनेमा चालू राहिला. संवाद होते तोवर त्याचं निभलं. मध्येच दारं आपटत, कोणी पळे, कोणी किंचाळे, आणि कोण ते त्याला समजत नसे. तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. व्हेल्डा बोलली, बुरखेवाला खोकला, आणि मग सगळं एकदम बंद झालं. संवाद नाही, संगीत नाही, नुसती यंत्रांची घरघर. बराच वेळ तेवढंच.

शेजारी बायकोने श्वास रोखला. मग एकदम "अगं बाई" म्हणाली, अगदी हळू, स्वतःशीच, आणि रडायला लागली. हुंदके देत रडली, लपवलंही नाही. पडद्यावर काय झालं, कोण मेलं, बुरख्याआडून कोण निघालं, ओमिर सुटला की अडकला, सगळे प्रश्न वकिलाच्या जिभेच्या टोकावर आले होते.

त्याने दात आवळून धरले. आणि तिचं रडून होईपर्यंत एक शब्दही विचारला नाही.