सहावर ठोकलेला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना हलता तक्ता आहे. ‘हलता’ हा शब्द कृपया गाळू नका. शाळेच्या सामानाच्या यादीत तो गाळला गेला आणि तिथूनच माझ्या अब्रूला उतरती कळा लागली. यादीत मी ‘तक्ता, लाकडी, एक’ एवढाच आहे. माझ्या खालच्या ओळीत ‘झाडू, दोन’ आहेत. झाडूंबद्दल माझी तक्रार नाही. निदान ते रोज हलतात.

माझा जन्म शाळेमागच्या सुतारखोलीत झाला. अर्थशास्त्र शिकवणारे जुने सर रोज तिथे येऊन सुताराच्या डोक्यावर बसत.

“सर, ही उभी पट्टी पक्की बसवून देतो,” सुतार म्हणाला. “सरकती ठेवली तर डगडगेल.”

“डगडगू दे रे बाबा,” सर म्हणाले. “न डगडगणारा व्याजदर मी तरी अजून बघितला नाही.”

माझी रचना साधी आहे. उभी पट्टी म्हणजे पैशाचा पुरवठा. ती वर-खालच्या खाचांतून डावी-उजवीकडे सरकते. तिला छेदून जाणारी, वरून उजवीकडे उतरणारी तिरपी पट्टी म्हणजे पैशाची मागणी. व्याज चढे असले की लोक हातात पैसा कमी ठेवतात, उतरले की जास्त ठेवतात, म्हणून ती तिरपी. दोघी जिथे भेटतात तिथे एक पितळी कडी आहे. कडीतून निघालेला लाल दोरा माझ्या डाव्या कडेवरच्या आकड्यांवर टेकतो. दोरा ज्या आकड्यावर, तो व्याजदर. एवढेच. यात न कळण्यासारखे काही आहे का? पण थांबा.

जुने सर आधी मला हातच लावत नसत. आधी खेळ असे. वर्गात चाळीस मुले. सर वीसच चिठ्ठ्या वाटत. मधल्या सुट्टीत कॅन्टीनवाल्या मावशी चिठ्ठी दाखवल्याशिवाय पावाचा तुकडाही द्यायच्या नाहीत. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे आणि पोटही भरलेले आहे, त्याने ती दुसऱ्याला शनिवारपर्यंत उसनी द्यायची. परत घेताना चिठ्ठी आणि वर पेपरमिंटच्या गोळ्या. किती गोळ्या, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

मग काय विचारता! “दोन देतो!” “हट्, मी तीन देते!” चिठ्ठी तीन गोळ्यांवर जाऊन पोहोचायची. तीन गोळ्यांसाठी भुकेली पोरेसुद्धा आपली चिठ्ठी उसनी देऊन पाणी पिऊन बसत. मग सर खिशातून आणखी वीस चिठ्ठ्या काढून वाटत. पाच मिनिटांत भाव एका गोळीवर. भाव उतरवा असा हुकूम कोणी काढलेला नसे. एका गोळीसाठी कोण दारोदार फिरणार? पोरे चिठ्ठी खुशाल खिशात ठेवून देत.

आणि ज्या दिवशी मावशींच्या भट्टीतून ताज्या पावाचा वास वर्गापर्यंत येई, त्या दिवशी चिठ्ठ्या तेवढ्याच असूनही भाव पुन्हा वर चढे. कारण चिठ्ठी सगळ्यांनाच हवी!

एवढे झाल्यावर, “चिठ्ठी म्हणजे पैसा, गोळ्या म्हणजे व्याज,” असे म्हणत सर माझ्याकडे वळत. पुरवठ्याची पट्टी उजवीकडे सरकवत, आणि दोरा खाली येई. मागणीची पट्टी उजवीकडे नेत, आणि दोरा वर चढे. मुले “अस्सं होय!” म्हणत. मित्रांनो, तक्त्याच्या जन्माला आल्यावर याहून मोठे सुख नाही.

जुने सर निवृत्त झाले आणि नवे सर आले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. जगात जे काही खरे आहे ते त्या वहीत आहे आणि जे वहीत नाही त्याला परीक्षेत गुण नाहीत.

ते आले त्या दिवशी माझा दोरा सहावर होता. त्यांनी वहीत लिहिले, ‘व्याजदर : सहा’. दुसऱ्या दिवशी झाडताना शिपाईमामांचा धक्का लागला आणि दोरा साडेपाचवर आला.

“काल सहा, आज साडेपाच? मुलांनी पाठ काय करायचं?” सर म्हणाले. “मामा, पट्टी सहावर घ्या आणि एक खिळा ठोका.”

“सर, ती सरकायलाच केलीय,” मामा म्हणाले.

“परवा तपासणी आहे. साहेबांसमोर सरकली तर?”

ठोकला! माझ्या पुरवठ्याच्या छातीत आरपार खिळा ठोकला! वर पॉलिशचे दोन हात मारले, तेही खाचांसकट. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “वा! तक्ता अगदी चकचकीत ठेवलाय.” सगळ्या हयातीत मला मिळालेली ही एकमेव सरकारी शाबासकी, आणि तीही मी निकामी झालो त्या आठवड्यात. संताप होणार नाही तर काय होईल?

पुढची तीन वर्षे मी भिंतीवरून ऐकत राहिलो. चाळीस मुले एका सुरात म्हणत, “व्याजदर सहा.” पुरवठा वाढला तर? “सहा.” मागणी वाढली तर? “सहा.” एखाद्याने चुकून खिडकीबाहेर बघितले तरी उत्तर सहाच. आणि पुरावा म्हणून छडी रोखली जाई ती माझ्याकडे! खोटे बोलणारे दुसरेच आणि साक्षीदार मी.

गेल्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. प्रत्येक वाक्यावर “कशावरून?” विचारते, म्हणून सगळे तिला ‘कशावरून’च म्हणतात. तिच्या थोरल्या ताईने जुन्या सरांच्या खेळात सतरा गोळ्या कमावल्या होत्या. त्यामुळे ते प्रकरण त्यांच्या घरी सगळ्यांना ठाऊक.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, ‘पैशाचा पुरवठा वाढल्यास व्याजदराचे काय होईल?’ कशावरूनने लिहिले, ‘बाकी सगळे तसेच राहिले तर उतरेल.’ दोनपैकी शून्य. आणि ती नापास झाली ती एका गुणाने. नापास म्हणजे अख्खे वर्ष पुन्हा, आणि तेही याच वहीसमोर.

ती थेट मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने सर तरातरा आले, मला भिंतीवरून उतरवले आणि पुरावा म्हणून बाईंच्या टेबलाला टेकवून उभे केले.

“बघा बाई. सहा. तीन वर्षांत तसूभर हललेला नाही.”

“पण खिळा मारलाय ना त्याला!” कशावरून म्हणाली.

“शाळेच्या मालमत्तेबद्दल नीट बोल.”

“बाई, समजा, मावशींकडे चिठ्ठीशिवाय पाव मिळत नाही, आणि तुम्ही आज दुप्पट चिठ्ठ्या वाटल्या. तर उसन्या चिठ्ठीसाठी मी तुम्हाला कालच्याइतक्याच गोळ्या का देईन? शेजारचा कमीत देईल ना!”

बाईंनी चष्मा काढला. “अगं, तू उसनी घेशीलच कशाला? तुझ्याकडे असेलच की एक.”

“तेच मी लिहिलंय.”

“मामा,” बाईंनी हाक मारली, “पक्कड आणा.”

खिळा निघाला. मित्रांनो, कुरकुरलो, पण ओरडलो नाही. आता पट्टी उजवीकडे सरकवायची. कशावरूनने ढकलली. पट्टी ढिम्म! खाचेतले पॉलिश दगड होऊन बसले होते.

“बघा,” सर म्हणाले. “खिळा काढला तरी सहाच.”

त्या क्षणी मला जे वाटले ते लहान मुलांच्या पुस्तकात छापता येणार नाही. पोरीचे वर्ष माझ्या खाचेत अडकले होते आणि मी लाकडासारखा उभा! तिच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात मामा पुढे झाले. “पॉलिश मीच मारलं होतं,” असे पुटपुटत त्यांनी खिशातली किल्ली खाचांतून खरवडत फिरवली. मग दोघांनी मिळून तळहात लावले. कर्रर्र आवाज झाला, पट्टी सरकली, कडी तिरपीवरून घसरली आणि दोरा चारवर येऊन थांबला.

बाईंनी उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि शून्य खोडून दोन गुण दिले. कशावरून पास झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण सर तिथेच उभे होते. त्यांनी वही उघडली, ‘सहा’ नीट पट्टी धरून खोडले आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘व्याजदर : चार (सुधारित)’. नवे वर्ष सुरू झाले, मी पुन्हा वर्गाच्या भिंतीवर आलो, आणि आज पहिल्या तासाला नव्या वर्गाने ते एका सुरात पाठही केले.

मित्रांनो, तक्ते नेहमी म्हणतात की आम्हाला जपा, ओरखडे काढू नका. माझे मागणे उलटे आहे. मला हात लावा. पट्ट्या सरकवा, दोरा कुठे गेला ते बघा, आणि तो का गेला ते शेजारच्याला सांगा. झिजेन, तुटेन, चालेल. चकचकीत राहून खोटे बोलायला लावू नका.

मधल्या सुट्टीत कशावरून खास या वर्गात येऊन गेली. पुरवठ्याची पट्टी डावीकडे ढकलून निघून गेली. माझा दोरा आता नऊवर आहे. घंटा झाली आहे आणि सर वही घेऊन जिना चढत आहेत.