काजलचा खुराक

"टेकव ना बाई पाय," मी घोडीला म्हणालो, तर तिने कान मागे पाडले आणि पाय आणखीच वर धरला. मागचा डावा पाय जांघेपासून खुरापर्यंत केळीच्या खुंटासारखा सुजला होता. आतल्या बाजूने हात फिरवला, तर कातडीखाली दोरी ताणून बांधावी तशी रेघ लागली. काजल सबंध थरथरली.

पांढऱ्याशुभ्र घोडीचं नाव काजल. नजर लागू नये म्हणून कुलसुमबीने ठेवलेलं. परतवाड्यातल्या निम्म्या नवरदेवांना हिनेच मांडवापर्यंत नेलं. मालक अब्दुल सत्तार दवाखान्याच्या आवारात लगाम धरून उभा होता. कुलसुमबी त्याची बायको. तिला जाऊन महिना होत आला होता. तिचा चाळिसावा दिवस होईस्तोवर कोणाच्या वरातीत जायचं नाही असं त्याने ठरवलं आणि ऐन लग्नसराईत घोडी दारात बांधून ठेवली.

सूज कधीपासून, मी विचारलं. पाच दिवस, म्हणाला. मी भडकलोच. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून माझी एकतीस वर्षं गेली, आणि उशिरा येणाऱ्यांची मला भारी चीड. पाच दिवस काय झोपा काढत होतास, असं चार लोकांसमोर बोललो.

तो खाली पाहत म्हणाला, "हालत नोती, देवमनभाऊ. मले वाटलं, तिले बी कुलसुमचं दुख झालं. उभी राऊ दे म्हटलं."

मी आत जाऊन आमच्या डॉक्टर साधना मॅडमना बोलावून आणलं.

त्यांनी घोडी तपासली. अंगात ताप होता. सत्तार हापशीवर पाणी आणायला गेला तेव्हा त्या मला म्हणाल्या, कातडीखालच्या लसिकावाहिन्यांचा दाह झालाय. घोडं नुसतं उभं राहिलं आणि खुराक मात्र कामाचाच चालू राहिला, की हे होतं. "काम बंद तर चणे बंद. एवढं साधं त्याला कोणी सांगितलं नाही का, देवमन?"

सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं, पण नेमकं उलटं.

कुलसुमबीच्या मातीच्या दिवशी कब्रस्तानातून परतताना सत्तार माझ्या गळ्यात पडून रडला. घोडीला रोज कुलसुमबीच भिजवलेले चणे चारायची. आता ही कोणाकडे पाहील, असं म्हणत होता. अशा वेळी माणूस काहीतरी बोलतोच. मी म्हणालो, घोडीला काही कमी पडू देऊ नको, भाभी देत होत्या तेवढंच दे. धीर द्यायला बोललो हो. ज्या गोष्टीवरून एकतीस वर्षं लोकांना झापलं, तीच त्या दिवशी डोक्यात आली नाही.

मग इंजेक्शनं झाली. चणे बंद, नुसता चारा, आणि थोडं थोडं चालवायचं. सत्तारने सगळं केलं. मी रोज ड्यूटीआधी त्याच्याकडे जाऊन पाय शेकायचो, रविवारीसुद्धा. आज सांगू, आज सांगू असं रोज वाटायचं. सांगितलं नाही. आठव्या दिवशी गुडघ्याच्या मागे कातडी फुटली, पू वाहू लागला. अकराव्या दिवशी काजल बसली ती उठली नाही. सत्तारने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गावाबाहेर खड्डा खणला, तेव्हा मीही गेलो.

चाळिसावा झाल्यावर सत्तार दवाखान्यात आला. खांद्यावर चण्यांची अर्धी गोणी. कोण्या गरिबाच्या घोडीला द्या म्हणाला. आज सांगायचंच, मी मनाशी म्हटलं.

"सत्तारभाई, या चण्याचं एक बोलाचं होतं."

"तेच सांगाले आलो, भाऊ," तो म्हणाला. "तुमचं आयकलं ते लय बरं झालं. तुमी बंद करा म्हणेस्तोवर एक दिवस तिचा खुराक चुकवला नाई मी. कुलसुमले तोंड दाखवू शकीन, एवढंच समाधान हाये."

मी त्याच्या खांद्यावरून गोणी उतरवून घेतली. वरच कुलसुमबीचं पितळी मापटं होतं. विसरला असेल म्हणून मी ते काढून त्याला देऊ लागलो.

"राऊ द्या," तो म्हणाला. "मोजून द्याले लागन."

बरं, म्हणालो. मापटं परत चण्यांवर ठेवलं.